गोधडीत गुंडाळलेला चेलो

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गुन्ह्यात कोण साक्षीदार होता, हे जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारावं लागतं. हे एक मात्र जसंच्या तसं लक्षात आहे, आणि त्याचा तर गुन्हाही कधी दाखल झाला नाही. माणसं हयात आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. एप्रिलचा महिना होता. सकाळी साडेसहाला न्हावऱ्याच्या चहावाल्याचा फोन आला. हा माझा खात्रीचा बातमीदार. उगाच फोन करणारा माणूस नव्हे.

"साहेब, आत्ता एक पिकअप चौफुल्याकडं गेली. मागं गोधडीत गुंडाळलेलं माणूस हाय. एक म्हातारा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय."

"आजारी असेल. दवाखान्यात नेत असतील."

"आजाऱ्याचं तोंड कोण झाकतं का, साहेब?"

मी कागद ओढला. गाडीचा अर्धाच नंबर त्याने टिपला होता. तेवढा मी वायरलेसवरून दौंडच्या बाजूला कळवला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हजेरी घ्यायला उभा राहिलो.

साडेदहाच्या सुमारास दुसरा फोन आला. आमच्या हद्दीतल्या एका कारखान्याचा वर्धापनदिन होता. त्यासाठी मुंबईहून सिम्फनी ऑर्केस्ट्रा बोलावला होता. बंदोबस्ताचं पत्र आमच्याकडे आधीच आलेलं होतं. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जत्रेतला ऑर्केस्ट्रा आला होता, सिनेमातली गाणी आणि वन्समोअरचा गोंधळ, आणि मी त्या हिशेबाने चार जादा माणसं मागून ठेवली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण बी.ए. झालो तरी सिम्फनी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. नव्हतं ते नव्हतं.

फोनवर ऑर्केस्ट्राचे मॅनेजर होते. "सर, एक चेलो चोरीला गेला आहे. संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम आहे. आत्ताच्या आत्ता एफआयआर घ्या."

मी महिला हवालदारांना बरोबर घेतलं आणि कारखान्यावर गेलो. कँटीनच्या मोठ्या हॉलमध्ये मंच बांधला होता. मागच्या खोलीत वाद्यांच्या काळ्या पेट्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर खडूने नंबर. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. ज्यांचा तो होता त्या साठीच्या बाई रिकाम्या पेटीसमोर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, पण एक हात पेटीच्या कडेवरून सारखा फिरत होता. चेलो त्यांच्या गुरूंचा होता. गुरूंच्या पश्चात तो बाईंकडे आला होता, आणि दुसऱ्या कुठल्या चेलोवर त्यांनी कधी कार्यक्रमात वाजवलं नव्हतं.

आमच्या हवालदारांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "साहेब, ह्यात मी आरामात मावेन."

तिथेच माझ्या डोक्यात न्हावऱ्याची गोधडी आली. गेटवरचं रजिस्टर मागवलं. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी एक पिकअप बाहेर गेली होती. शेरा होता, 'पडदे धुण्यासाठी'. बरोबर गेलेला माणूस म्हणजे ऑर्केस्ट्राचे मंचावरचे मामा.

हे मामा मूळचे केंदूरचे. पंचवीसेक वर्षं मुंबईत याच कामात होते. खुर्च्या मांडायच्या, नोटेशनच्या कागदांचे स्टँड लावायचे, वाद्यं ट्रकमध्ये चढवायची आणि उतरवायची. मी गेलो तेव्हाही ते गुडघ्यांवर बसून मंचावर चिकटपट्टीच्या खुणा करत होते. कुणाची खुर्ची कुठे, त्याच्या खुणा.

त्यांना मागच्या खोलीत बोलावून खाली बसवलं आणि चौकशी सुरू केली. मॅनेजर एका बाजूला, बाई समोर.

"मामा, पहाटे कुठं गेला होता?"

"पडदं धुवाया द्यायला."

"कुठल्या लाँड्रीत?"

मामा हातातलं चिकटपट्टीचं रीळ फिरवत राहिले.

"चेलो कुठं आहे?"

"ठाव न्हाई."

आमची जुनी रीत अशी, की तोच प्रश्न उलटसुलट फिरवून विचारायचा. खोटं बोलणारा प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो. मामा प्रत्येक वेळी तेवढंच सांगत होते आणि बाईंकडे बघायचं टाळत होते. मला वाटलं, माणूस सापडला. मॅनेजरांनाही तेच वाटलं. ते म्हणाले, "पंचवीस वर्षं सांभाळलं यांना. आजपासून कामावर यायचं नाही."

मामांनी मान खाली घातली. मग मला म्हणाले, "साहेब, अटक करायची तर साडेआठच्या पुढं करा. खेळ संपला की मी आपणहून गाडीत बसतो. आज खुर्च्या लावायला दुसरं कुणी न्हाई. कारखान्याच्या पोरांनी हातवाल्या खुर्च्या आणून ठिवल्यात. वाजिवणाऱ्याचं कोपर आडतं त्यात."

मी बऱ्याच जणांना अटक केली आहे. दुसऱ्याच्या कोपराची काळजी करत अटकेची वेळ मागणारा हा पहिलाच. मग मी पेटी नीट पाहिली, खरं तर हे आधी करायला हवं होतं. दोन्ही गज, म्हणजे ज्यांनी तारा घासून वाजवतात त्या काठ्या, जागेवर होत्या. चेलोवर पांघरायचं मखमली कापड चौपदरी घडी करून कोपऱ्यात ठेवलं होतं. मी बाईंना विचारलं, "पेटी उघडलीत तेव्हा कड्या कशा होत्या?"

"सगळ्या लावलेल्या. आठही."

आठ कड्या परत लावणारा आणि कापडाची घडी घालणारा चोर मला उभ्या नोकरीत भेटलेला नव्हता. वस्तू नेणाऱ्याला तिची काळजी होती. मग तो सांगत का नव्हता?

मी मॅनेजरांना आणि बाईंना चहाला पाठवलं. दार लोटून घेतलं आणि मामांच्या शेजारी जमिनीवर बसलो. ते दाराकडे बघत राहिले. बाईंची पावलं लांब गेल्यावर म्हणाले, "बाईंला सांगणार न्हाई असा शब्द द्या."

"असा शब्द पोलीस देऊ शकत नाही, मामा. पण आधी मी एकटा ऐकतो. मग बघू."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी येताना कोरेगाव भीमाला वाहतूक तुंबली. ट्रक दोन तास भर उन्हात उभा. पत्र्याच्या ट्रकमध्ये भट्टी झाली. मामा एरवी आत पाण्याच्या बादल्या आणि ओली पोती ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. या वेळी बादल्या भरायच्या राहिल्या होत्या. रात्री झोपण्याआधी सगळ्या पेट्या उघडून बघायची त्यांची शिस्त. पाहतात तर चेलोचा खालचा सांधा चार बोटं उघडा.

"पाणी भरायचं मी विसरलो. चूक माझी."

"मग बाईंना का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "आमच्यात खेळाच्या आधी सांगत न्हाईत. वाद्य दुखावलंय आसं कळलं की वाजिवणाऱ्याचा हात कापतो. दुरुस्त झालं तरी कापतो. मंचामागच्या माणसानं गिळायचं, आन् खेळ झाला की वकायचं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिल्या दिवशी ह्येच शिकिवलं."

खुटबावला भजनी मंडळांच्या बाजाच्या पेट्या आणि वीणा दुरुस्त करणारे एक चाचा राहत होते. तीन पिढ्या हाच धंदा. मामा तरुणपणी गावच्या मंडळाची वीणा घेऊन त्यांच्याकडे जायचे. भाच्याची पिकअप बोलावून पहाटे चेलो गोधडीत गुंडाळून, त्याची मान मांडीवर घेऊन तिकडे नेला, आणि स्वतः एसटीने परत आले. पेटी मुद्दाम मागे ठेवली, कारण ओळीत एक पेटी कमी दिसली की आल्या आल्या बोंब झाली असती. सांधा सरसाने चिकटवला होता आणि तो दाबून ठेवायचा होता. भाचा तीनपर्यंत चेलो घेऊन येणार होता आणि तालीम चारला होती. हिशेब बरोबर होता, फक्त बाई दुपारऐवजी सकाळच्याच बसने आल्या.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सकाळी मीच दौंडच्या बाजूला प्रेताचा निरोप दिला होता. त्यांनी गाडी पकडली असली तर चेलो जप्त होणार होता. एकदा गुन्हा दाखल होऊन वस्तू मुद्देमाल ठरली, की पंचनामा, सील, मुद्देमालाची खोली आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत ती तिथेच. आमच्या ठाण्यातली ती खोली पत्र्याची होती. कोरेगावला दोन तासांत जे झालं, ते तिथे दोन महिने झालं असतं.

फोन लावला. तिकडचे हवालदार ओळखीचे निघाले. म्हणाले, "पिकअप मिळाली, साहेब. चाचाच्या दारातच उभी हाय. आत एक लाकडी बाहुलं हाय मोठं. उचलून आणायला लागलो तर म्हातारा त्याला पाठ लावून बसलाय."

"त्याला हात लावू नका. चाचांना फोन द्या."

चाचांचा आवाज एकदम शांत. "साहेब, तुमची मानसं चांगली हायती. फकस्त त्यांना म्हणावं, सरस वला हाय. आत्ता उचललं तर मढं नसताना मढं व्हईल."

मी मॅनेजरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, वस्तू सापडली आहे, शाबूत आहे, चारच्या आत इथे येईल. ते म्हणाले, "मग चोर कोण?" मी म्हणालो, "चोर नाही. कार्यक्रम झाल्यावर सगळं सांगतो. आत्ता तक्रार लिहून द्यायची असेल तर मी घेईन, तुमचा हक्क आहे. पण मग चेलो आज वाजणार नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

बाईंना एवढंच सांगितलं की मिळाला आहे, येतो आहे. त्यांनी कुठे, कसा, काही विचारलं नाही. खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटले.

मी स्वतः खुटबावला गेलो. कारखान्याची एसी गाडी मागून घेतली होती. चाचांच्या पडवीत चेलो आडवा ठेवलेला, कडेने लाकडी चिमटे लावलेले, जखमेला टाके घातल्यासारखे. दोन पोलीस, भाचा आणि शेजारपाजारचे आठ-दहा जण गोल करून बसले होते. चाचा घड्याळ बघत नव्हते. कडेला आलेला सरसाचा थेंब नखाने दाबून बघत होते.

"किती वेळ, चाचा?"

"उद्यापातुर ठिवलं तर सोनं. तुमाला घाई हाय म्हणून दोन वाजता सोडतो."

"संध्याकाळी उघडला तर?"

"उघडला तर मला धरून न्या की. आज तुमाला कुणीतरी न्यायचंच हाय."

पोलिसांसकट सगळे हसले. दोन वाजून गेल्यावर त्यांनी एकेक चिमटा काढला, बोटाच्या पेराने सांध्यावर टकटक केलं, कान लावला आणि मान डोलावली. मजुरीचं विचारलं तर हात झटकून म्हणाले, मामांचं आणि माझं आम्ही बघू.

साडेतीनला चेलो मागच्या दाराने आत गेला. मामांनी तो पेटीत ठेवला, कापड पांघरलं, कड्या लावल्या आणि खुर्च्यांकडे निघून गेले. चारला बाईंनी पेटी उघडली. तारा जुळवायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला असं मॅनेजर नंतर म्हणाले. मला काय कळणार.

कार्यक्रमाला मी मंचामागे उभा होतो. बंदोबस्ताची गरज नव्हती, चार जादा माणसं कँटीनच्या स्वयंपाकघरात वडे खात होती. समोर साठ-सत्तर जण पुढे उभ्या असलेल्या एका माणसाच्या काठीच्या इशाऱ्यावर वाजवत होते. मधे एक तुकडा बाईंचा एकटीचा होता. सुरू झाला तेव्हा मामांनी माझ्या बाहीला धरलं. मला संगीत कळत नाही, पण शेजारच्या माणसाचा श्वास अडकलेला कळतो. तुकडा संपला, बाकीची वाद्यं परत मिसळली, आणि मामांनी बाही सोडली. "झालं," एवढंच म्हणाले, आणि पाण्याच्या पिंपावर बसले. मीही बसलो. सकाळपासून पहिल्यांदाच निवांत टेकलो होतो.

टाळ्या संपल्या, बाई आत आल्या. चेलो अजून हातात होता. मामा उठले आणि समोर जाऊन उभे राहिले. बादल्या, सांधा, गोधडी, खुटबाव, एका दमात सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, चाचांवर ढकललं नाही, उन्हावरही नाही.

बाई ऐकत राहिल्या. मग चेलो उलटा करून सांध्यावरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "काम सुंदर केलंय. पण मामा, दिवसभर मी मेले होते. पुढच्या वेळी मला आधी सांगायचं."

"न्हाई सांगणार, बाई."

"नाही?"

"खेळ झाल्यावर सांगीन. आज सांगितलं तसं."

बाई मॅनेजरांकडे वळल्या. "यांना काढलं असेल तर माझ्या जागीही दुसरं कुणी बघा." मॅनेजर म्हणाले, "कुणी कुणाला काढलेलं नाही. ट्रक भरायचा आहे." मामा तोवर पेट्यांकडे गेलेही होते. आधी त्यांनी दोन बादल्या भरून आणल्या.

ठाण्यात परतून मी स्टेशन डायरीला सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: 'सदर गोधडीत वाद्य असल्याचे निष्पन्न. संशयास्पद काही नाही.' वरिष्ठांनी त्याबद्दल दोन दिवस चेष्टा केली. करू दे.

मी त्या दिवशी चुकलो होतो हे मान्य करतो. ज्या बाईंसाठी मामा गप्प होते, त्यांनाच मी समोर बसवून प्रश्न विचारत होतो. त्यांचं गप्प बसणं मी गुन्ह्याच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, काय विचारायचं, किती वेळा विचारायचं. खोलीत कोण बसलंय ते आधी बघा, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठलीही चौकशी सुरू करण्याआधी खोली रिकामी करत असे आणि समोरच्याला त्याच्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारत असे. प्रत्येक धंद्याचे काही नियम असतात, आणि माणूस कायदा मोडेल पण ते मोडणार नाही. ते कळले की अर्धा तपास होतो.

गुन्हे उघडकीस आणल्याबद्दल मला प्रशस्तिपत्रकं मिळाली, ती भिंतीवर आहेत. पण काहीच दाखल करावं लागलं नाही असे जे थोडे दिवस नोकरीत आले, ते आठवले की मला शांत झोप लागते, आणि त्यांत तो दिवस सगळ्यात वर आहे.