पांढरीताई आणि निळीची चादर

प्रकाश हा मोठा लाघवी पाहुणा आहे. ज्या घरात शिरेल, त्या घराचा रंग तो अंगाला माखून घेतो. हिरव्या पडद्याआडून आला की हिरवट होतो, जुन्या दिव्यातून उतरला की पिवळट होतो, निळ्या ताडपत्रीखाली बसला की थंडीने काकडल्यासारखा दिसतो. आपल्या डोळ्यांना मात्र भगवंताने फार मोठे मन दिले आहे. ते ही सारी झाक पोटात घालतात आणि आईचा चेहरा कुठल्याही दिव्याखाली आईसारखाच दाखवतात. कॅमेऱ्यापाशी ते मन नाही. त्याने जे पाहिले ते टिपले, आणि फोटोतली आई जन्मभर हिरवट राहिली.

ही झाक उतरवून माणसाला त्याचा रंग परत देणे, हेच जिचे नित्यकर्म आणि हीच जिची उपासना, अशा एका बाईची ही गोष्ट.

सगळी गल्ली त्यांना पांढरीताई म्हणे. थोरल्या भावाचे फोटो छापण्याचे दुकान होते आणि त्याच्या मागच्या खोलीत ताई बसत. खोलीच्या चारी भिंती राखाडी, छतही राखाडी. कामाला बसताना ताई अंगात राखाडी डगला चढवीत, कारण तांबडे कपडे घालून बसले तर त्यांचा तांबूसपणा संगणकाच्या पडद्यावर पडतो आणि डोळा फसतो. पडद्याला तिन्ही बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याची झापडे लावलेली. दर दहा मिनिटांनी ताई काम थांबवीत आणि कोऱ्या भिंतीकडे टक लावून बसत, म्हणजे रंगाला सरावलेला डोळा पुन्हा निर्मळ होई. नवखे गिऱ्हाईक दारातून हे बघे आणि बाईंना बरे वाटत नाही की काय, असे दादांना हळूच विचारी. दादा सांगत, "बरी आहे ती. भिंत वाचतेय."

दादांच्या थट्टेला अंत नव्हता. बहिणीला घेऊन बाजारात जायची सोय राहिली नाही, असे ते चारचौघांत सांगत. टोमॅटोच्या ढिगावर भाजीवाल्याने लाल दिवा टांगलेला असला की ही तो आधी विझवायला लावते, मगच टोमॅटोला हात लावते. ताई ऐकून घेत आणि हसत. टोमॅटो मात्र घरी कच्चे कधी आले नाहीत, हे दादांनाही कबूल होते.

नाव पडले ते त्यांच्या एका प्रश्नावरून. कोणीही कसलाही फोटो आणो, ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "यात पांढरं काय आहे?" कधी सदऱ्याची कॉलर सापडे, कधी कपबशी, कधी वहीचे पान. पडद्यावर फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे दिसतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. खऱ्या पांढऱ्याचे तिन्ही आकडे समान असले पाहिजेत. ताई त्या कॉलरवर बोट ठेवावे तसा बाण ठेवीत आणि तिथले आकडे समान होईतो साऱ्या फोटोचा रंग इकडचा तिकडे करीत. एक पांढरे ठिकाणावर आले की त्याच्यामागोमाग केस काळे होत, पाने हिरवी होत, ओठांत रक्त येई. हजारो चेहरे त्यांनी असे परत आणले, आणि प्रत्येक चेहऱ्यापुढे त्या अशा बसल्या की जणू तो घरचाच आहे. माणूस खोटे बोलेल, दिवा खोटे बोलेल, पण पांढरे कापड खोटे बोलणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

आणि या श्रद्धेनेच एकदा त्यांना तोंडघशी पाडले.

दोन गल्ल्या पलीकडे एक लाँड्री होती. ती चालवणाऱ्या वृद्धांना सारे आबा म्हणत. आबा आणि त्यांची बायको, दोघांनी मिळून चाळीस वर्षे लोकांचे कपडे धुतले होते. आठ महिन्यांपूर्वी आबांची बायको यकृताच्या दुखण्याने गेली. शेवटचे तीन महिने ती हळदीसारखी पिवळी पडली होती. आबांची लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. एके दिवशी दुपारी ती ताईंकडे आली आणि फोनमधला एक फोटो पुढे धरून उभी राहिली.

फोटो तीन वर्षांपूर्वीचा. लाँड्रीच्या आतल्या खोलीत आई उभी, कवेत अर्धवट घडी केलेली चादर, डोके मागे टाकून मनापासून हसणारी. पण वर लोंबणारा दिवा जुन्या पद्धतीचा, त्यामुळे चादर, भिंत, चेहरा, सगळ्यावर नारिंगी चिकटा बसल्यासारखा. लेकीने सांगितले ते असे: आईचे फोटो काढायचे कोणाच्या ध्यानातच आले नाही. काढले गेले ते दवाखान्यातले. त्यांतली आई पिवळी आहे, आणि आबांना आता डोळे मिटले की तीच दिसते. धडधाकट आईचा हा एवढाच एक फोटो उरला आहे. तो नीट झाला तर आबांना त्यांचे माणूस परत दिसेल.

ताईंनी प्रश्न विचारलाच नाही. पांढरी चादर समोरच होती. त्यांनी बाण चादरीच्या घडीवर ठेवला, तिन्ही आकडे समान केले आणि नारिंगी चिकटा उतरला. चेहऱ्यावर किंचित पिवळेपणा रेंगाळल्यासारखा वाटला खरा. ताई उठल्या, भिंतीकडे बघून आल्या, पुन्हा आकडे पाहिले. आकडे समान होते. डोळ्यापेक्षा त्यांनी कापडावर विश्वास ठेवला. छापलेला फोटो बघून लेकीचे डोळे भरून आले, आणि ती तो छातीशी धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन परत आली. आबांनी एकदा पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. लेक ओशाळून म्हणाली, "तुमची चूक नाही, ताई. आबांचं मनच लागत नाही कशात."

दादांनी तोडगा काढला की गालांवर जरा गुलाबी रंग चढवून द्यावा, म्हातारा खूश होईल. ताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दादा पुढच्या खोलीत निघून गेले. गालांवर लाली चढवणे त्यांना जमले असते. पण तो रंग त्या माउलीचा झाला नसता, ताईंचा झाला असता. त्यांनी डगला उतरवला, फोटो उचलला आणि लेकीबरोबर लाँड्रीची वाट धरली.

लाँड्री अर्धी बंद होती. आबा आता फक्त इस्त्री करीत. त्यांनी ताईंना बसायला स्टूल दिले, आणि फोटो पुढे धरल्यावर चेहऱ्यावरची नजर चुकवून खालच्या चादरीकडेच पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "ही चादर आमच्या घरची नाही."

"असं काय करता, आबा? काठाची शिवण बघा ना," लेक म्हणाली.

"शिवण आमची असेल. धुलाई आमची नाही. हिच्या हातची चादर अशी मळकट कधी दिसली नाही."

मळकट हा शब्द ताईंना लागला. त्यांनी हेका न सोडता सांगितले की तिन्ही आकडे समान आहेत आणि याहून पांढरे काही असूच शकत नाही.

आबांनी इस्त्री आडवी होती ती उभी केली. "तुमच्या यंत्रात नसेल. सूत मुळातच पिवळट असतं, ताई. कितीही घासा. शेवटच्या पाण्यात नीळ पडल्याशिवाय डोळा त्याला पांढरं म्हणत नाही. चाळीस वर्षं लोकांनी आमचं पांढरं म्हणून वाखाणलं, ते निळसर होतं."

 ताईंना सगळे लख्ख दिसले. चादर मुळात निळसर. तिला बिनरंगी ठरवायचे म्हणून आपण तिच्यातली नीळ काढून घेतली, आणि तेवढा निळा साऱ्या फोटोतून गेला. निळा गेला की मागे पिवळा उरतो. ज्या पिवळ्या रंगाने आबांची झोप उडवली होती, तोच आपण स्वतःच्या हाताने त्या हसऱ्या चेहऱ्याला पुन्हा फासला. हजारो चेहरे निर्मळ करणारी बाई त्या क्षणी मनोमन त्या माउलीच्या पाया पडली.

मग त्यांनी विचारले, नीळ किती घालीत होता? आबांनी नकारार्थी मान हलवली. नीळ घालणे हे बायकोचे काम. ती चिमटीने घाली, पाण्याचा रंग बघून थांबे. तो अंदाज तिच्याबरोबर गेला. आणि आताच्या चादरी लेक धुते, तीही नीळ न घालता.

"तिच्या हातची एखादी चादर राहिली असेल का?"

 लेकीने वर पाहिले. सर्वांत वरच्या फळीवर कागदात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. आजार कळण्याच्या आधी आईने धुऊन, घड्या करून ठेवलेल्या घरच्या चादरी. आठ महिने आबांनी त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. लेकीने एकदा झाडताना तो हलवला, तर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते.

ताईंनी मागितले नाही. एवढेच म्हणाल्या, "आबा, मला त्यांची नीळ मोजायची आहे. गालांवर माझ्या मनचा रंग मी लावणार नाही."

 आबांनी शिडी ओढली. लेक पुढे झाली तर तिला त्यांनी हातानेच थांबवले. गठ्ठा स्वतः उतरवला. गाठ सुटेना. कात्री समोर होती; त्यांनी ती घेतली नाही, नखांनी हळूहळू गाठ सोडवली. वरची चादर उलगडली आणि दारातल्या उजेडात धरली. किती पांढरी, आणि किती निळी!

ताई कामासाठी एक राखाडी पुठ्ठा सदा जवळ बाळगीत, तो त्यांनी तिच्यावर ठेवला. त्या पुठ्ठ्याला कुठलाच रंग नाही. तो फोटोत आला की तो आधी बिनरंगी करायचा, म्हणजे शेजारच्या वस्तूचा खरा रंग आपोआप कळतो. त्यांनी दोन्हींचा मिळून फोटो काढला आणि जवळजवळ धावतच खोलीत आल्या. पुठ्ठ्याचे आकडे समान केले. चादरीतला निळा बाकी दोघांहून बारा आकड्यांनी जास्त निघाला. बारा! ज्या चिमटीचे माप कोणी कधी लिहून ठेवले नव्हते, ते असे हाती आले. मग जुन्या फोटोतल्या चादरीला त्यांनी समान न ठेवता तेवढीच निळसर केली. आणि चेहऱ्यावरचे दुखणे उतरले. गाल गव्हाळ झाले, हसताना चढलेला तांबूसपणा गालांत वर आला. ताईंनी गालांना हात लावला नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या स्वतः फोटो घेऊन गेल्या. आबांनी पुन्हा आधी चादरच पाहिली. "आता बरोबर," ते म्हणाले. मग नजर वर गेली, आणि तिथेच राहिली.

कितीतरी वेळाने त्यांनी लेकीला विचारले, "एवढं हसायला काय झालं होतं गं हिला?"

"तुमचा बनियन, आबा. निळीच्या बादलीत पडला होता. तुम्ही तसाच घालून गिऱ्हाइकांपुढे उभे होता."

"कोणी सांगितलं नाही मला."

"आईनं सांगू दिलं नाही. म्हणाली, राहू दे, शोभतोय."

आबा हसले. आठ महिन्यांत लेकीने ते हसणे ऐकले नव्हते.

ताई त्यानंतरही त्याच राखाडी खोलीत, त्याच राखाडी डगल्यात बसत राहिल्या. भिंतीकडे बघणे तसेच, दादांची थट्टाही तशीच. फक्त "यात पांढरं काय आहे?" या प्रश्नाला आता शेपूट फुटले: "आणि ते धुतलंय कोणी?" गिऱ्हाईक गोंधळून दादांकडे बघे. दादा सांगत, "खरं ते सांगून टाका. तिला कळतंच."

आणि ती चादर? आबांनी गठ्ठा पुन्हा बांधून फळीवर ठेवला, पण ती एक चादर बाहेर राहिली. त्या रात्री त्यांनी ती आपल्या अंथरुणावर घातली, कोपरे ओढून घेतले, आणि वर हात फिरवून सुरकुती काढली.