चेट्टु आणि चेत्त

धुरात दार सापडत नव्हतं. नूरजहाँचा हात माझ्या हातात होता. "आक्का, तुम निकलो, मैं बच्ची को लेके आती," असं म्हणून तिनं तो सोडवून घेतला. बच्ची म्हणजे तिची शबाना. शेजारच्या एल्लम्मानं तिला आधीच बाहेर नेलं होतं. आम्हा दोघींना ते ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या कडेचा कचऱ्याचा डोंगर पेटला होता. मलकपेठेकडच्या आमच्या नदीकाठच्या वस्तीतून मी अशी निघाले, अंगावरच्या लुगड्यानिशी. उदगीरकडच्या माझ्या माणसांनो, वस्तीतून पांगलेल्या बायांनो, तुम्ही विचारता म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा सरळच लिहीन.

लग्न होऊन आले तेव्हाही मुसी नदीचं पाणी काळंच होतं, पण काठ हिरवा होता. आम्ही बाया तिथं गवत लावायचो, कापून म्हशीवाल्यांना द्यायचो. बांधावर अंबाडी. एल्लम्मा तिला गोंगुरा म्हणायची आणि पचडी, म्हणजे चटणी, करायची, नूरजहाँ गोश्तात घालायची, मी भाकरीबरोबर भाजी न्यायचे. दुपारी तिघींचे डबे एक व्हायचे आणि खरी चव कुणाची यावरून रोज भांडण. तशी भूक पुन्हा लागली नाही.

रस्त्यापलीकडे मोठ्या लोकांची कॉलनी. कचऱ्याचं यार्ड खरं तर तिकडे व्हायचं होतं. त्यांनी वकील लावला, यार्ड आमच्याकडे सरकलं; आम्हाला ते मागाहून कळलं. मी तिथं भांडी घासायचे. बाईसाहेब म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे." कोण अडकलं, ते त्यांनी विचारलं नाही.

वस्तीत म्युनिसिपालटीनं मीटिंग ठेवली ती सकाळी अकराला. पुरुष कामावर, एल्लम्माही कामावर. साहेब भोंग्यातून तेलुगूत बोलत होते. मला एकच शब्द ओळखीचा वाटला, चेट्टु. म्हणजे झाड. मी उठून बायांना सांगितलं, "झाडं लावणार आहेत. सह्या करा." नूरजहाँ हसली, "आक्का को सब आता!" पहिली सही मीच केली, चांगली वळणदार. आमचे वडील म्हणायचे, "सही येते म्हणून करायची नसते." त्या दिवशी ते आठवलं नाही.

कामावरून आल्यावर एल्लम्मानं भिंतीवरची नोटीस वाचली आणि कपाळावर हात मारला. साहेब म्हणाले होते चेत्त. चेत्त म्हणजे कचरा. "इत्ते साल में येईच सीखी?" ती म्हणाली. तो शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. कचऱ्याला आम्ही सगळ्याजणी कचराच म्हणायचो.

मग लढलो. गवताचे भारे रस्त्यात टाकून ट्रक अडवले. कॉलेजातल्या मुली आल्या, पर्यावरण म्हणाल्या. सभेत खुर्च्यांवर पुरुष, आम्ही सतरंजीवर, फोटोत मात्र पुढे. यार्ड हललं नाही. तीन उन्हाळे खोकलो. चौथ्यात ते पेटलं.

आता शहराच्या टोकाला पाचव्या मजल्यावर घर मिळालंय. लिफ्ट आहे, मनात आलं तर चालते. भिंतीपलीकडे एल्लम्मा. गॅलरीत रंगाच्या डब्यात अंबाडी लावलीय, पानं बारीक येतात. घर म्हणजे काय विचाराल, तर तो डबा, आणि त्यातली भाजी माझ्याबरोबर निवडायला जी बसते ती.

कॉलेजातली एक मुलगी म्हणाली होती, "काकू, चूक तुमची नाही, व्यवस्थेची आहे." यार्ड व्यवस्थेनं आणलं, सही मी केली. दोन्ही खरं आहे. शबाना माझ्याकडेच वाढली. तिला हे सांगायला मला अकरा वर्षं लागली. गेल्या महिन्यात अंबाडी निवडताना सांगितलं. ती देठं मोडत राहिली. मग म्हणाली, "अम्मी बी सही करे थे ना, नानी?"

"हौ."

"फिर अपने अकेले का नाम कैकू लेते?"

मी पानं धुवायला घेतली.

त्या धुरातून मी वाचले, एल्लम्मा वाचली, शबाना वाचली. नूरजहाँ वाचली नाही.