कडुलिंबाआडचा गोल

माहेरी दादाचा नातू बॅटीला जवसाचं तेल चोळत होता. त्या वासानं मी निजामाच्या काळातल्या हिंगोलीत गेले. दादा असंच तेल शाळेच्या फुटबॉलला लावायचा. त्या हिवाळ्यात त्याचा संघ एकदाही हरला नव्हता. मुली मैदानावर जात नसत, म्हणून मी घराच्या माळवदावरून बघायची. मैदानाचं एक टोक कडुलिंबाआड जायचं. शेवटच्या सामन्यात झाडामागं गलका उठला आणि मी किंचाळले, "दादा, जिंकलो!"

संध्याकाळी दादा म्हणाला, "येडे, गोल त्यांचा होता. आमी हरलो."

मी रडायला लागले.

"काहून रडून राहिलीस? आमच्याकडचे सारे चूप झाले, तवा तुझाच आवाज आला."

दादा गेला. कडुलिंबही तोडला. आता माळवदावरून पुरं मैदान दिसतं. हाक मारावी असं त्यात कुणी नाही.