कवळ्यांची गोष्ट फुटली कशी

आमच्या वहिनीच्या डोक्यात एक सिनेमा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणता, ते मात्र तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तो नवरा म्हणजे माझा सख्खा भाऊ. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा तिचं तरी काय चुकलं म्हणा.

वहिनी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आणि हिच्या लॅबमध्ये त्यावरून प्लास्टरचे जबडे, मेणाच्या हिरड्या आणि शेवटी पक्की कवळी तयार होते. तिचं टेबल खिडकीशी आहे. चिमट्याने एकेक दात मेणात बसवताना ती श्वास रोखून धरते, आणि मग जबडा मिटून-उघडून त्याच्याकडे असं बघते, की आता तो काहीतरी बोलणार. घरी येते तेव्हा भुवयांवर पांढरी भुकटी असते. आणि डोक्यात सिनेमा.

लिहायला बसली की आधी खिडक्या लावणार. उन्हाळा असला तरी लावणार. भिंतीलाही कान असतात, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. वहिनी तेवढ्यावर सोडत नसे, ती पलंग भिंतीपासून लांब सरकवून बसायची. पटकथा पूर्ण झाली तेव्हा तिने एका साइटवर खातं उघडलं. पडद्यावर न आलेल्या पटकथा लोक तिथे टाकतात, एकमेकांच्या वाचतात, मतं देतात, आणि सिनेमावालेही म्हणे अधूनमधून डोकावतात. तिने नाव भरलं, फोन नंबर भरला, बऱ्यापैकी फोटो लावला. पटकथेची जागा रिकामी ठेवली. मग कुणीतरी तिथे रडगाणं लिहिलं की माझी कल्पना चोरीला गेली. त्या दिवसापासून वहिनीने साइट उघडणंच बंद केलं. दुसऱ्यांच्या पटकथाही वाचेना, कारण उद्या कुणी म्हणालं की तूच माझी चोरलीस, तर?

मी लोकांना गाडी शिकवते. ब्रेकवरून पाय न काढणारे विद्यार्थी मला नवे नाहीत. गाडी चालू आहे, रस्ता मोकळा आहे, आणि हे दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसलेले. अशांवर मी ओरडते. वहिनीवरही ओरडले.

"अगं, आधी कुणी वाचलं तर पाहिजे ना! तिजोरीत ठेवून सिनेमा होतो का?"

"तुला काय जातंय बोलायला," ती म्हणाली. "माझी गोष्ट एका वाक्यात सांगता येते. एका वाक्यात सांगता येते म्हणजे एका वाक्यात चोरता येते."

शेवटी आम्ही तिघांनी, म्हणजे मी, दादाने आणि आईने, फारच पिच्छा पुरवला तेव्हा ती घरच्यांना वाचायला द्यायला तयार झाली. पण तिथेही तिने लॅबमधली युक्ती काढली. एकाच दिवशी चार-पाच कवळ्या तयार झाल्या की पॉलिश केल्यावर सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात. म्हणून वहिनी प्रत्येकीच्या आतल्या बाजूला, जिभेला लागणार नाही अशा जागी, बारीकशी खूण करते. तसंच तिने आमच्याबरोबर केलं.

जेवणं झाल्यावर तिने आम्हाला तिघांना समोर बसवलं. "तिघांना वेगवेगळी फाइल पाठवलीये. प्रत्येकात एक गोष्ट अशी घातलीये, जी बाकीच्या दोघांच्यात नाही. कुठे फुटलं, तर कुणाकडून फुटलं ते मला लगेच कळेल. एकमेकांत बोलायचं नाही."

"म्हणजे मी चोर?" दादा दुखावला. तो फ्रीज दुरुस्त करतो, अख्ख्या गावाच्या स्वयंपाकघरात त्याची ये-जा असते, आणि आजवर कुणी त्याच्यावर संशय घेतला नव्हता.

"चोर नाही रे, बडबड्या," मी म्हटलं.

मग आम्ही वाचलं. काय सांगू! एका म्हाताऱ्याची आणि एका म्हातारीची कवळी लॅबमध्ये बदलते. दोघांनाही त्रास होतो, पण दोघंही तक्रार करत नाहीत, कारण दोघांनाही वाटतं की आपल्याच तोंडात काहीतरी बिघडलंय, आता या वयात हे असंच चालायचं. दोघं एकाच दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी येऊन बसतात, आणि दोघंही सांगत नाहीत. मी हसून हसून पलंगावरून खाली यायची बाकी होते. शेवटाला दादा बाथरूममध्ये जाऊन नाक शिंकरून आला. आईने दोनदा वाचली. तिचीही कवळी वहिनीनेच केलेली आहे.

"आता टाक गं साइटवर," आई म्हणाली.

"टाकते. जरा थांबा, आई."

ते 'जरा' काही संपेना. हिवाळा गेला, उन्हाळा आला, आणि वहिनी खिडक्या लावून तीच पटकथा पुन्हा पुन्हा घासत बसली.

आणि मग तो फोन आला. मी शिकवणी संपवून तिला न्यायला लॅबमध्ये गेले होते. ती वाडग्यात प्लास्टर कालवत होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे. फोन वाजला तशी म्हणाली, "धर जरा, स्पीकरवर टाक." मी टाकला.

"नमस्कार! कवळ्यांची गोष्ट लिहिणाऱ्या तुम्हीच ना?" एका बाईचा आवाज होता, खणखणीत. "मी सिनेमे करते. तुमची पटकथा वाचली, आणि खरं सांगते, दोन दिवस माझं दुसऱ्या कशात लक्षच नाहीये."

मी जागच्या जागी उडी मारली. पॉलिशच्या चाकावर बसलेल्या माणसाने चाक बंद केलं. वहिनीचा चेहरा मात्र हातांहून पांढरा पडला.

"कुठली पटकथा?" ती अशा आवाजात म्हणाली, की चोर तीच असावी.

"अहो, म्हातारा-म्हातारीची! साइटवर आहे ना तुमच्या नावाने."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी जोरजोरात मान हलवली, मी नाही, मी नाही. तिने ओठ ओले केले. "तुम्हाला त्यात काय आवडलं?"

मला वाटलं, घ्या, कौतुक ऐकायचंय बाईसाहेबांना! ती तर उलटतपासणी घेत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"ती शिट्टी!" पलीकडून उत्तर आलं. "तो आयुष्यभर जिना चढताना शिट्टी वाजवत आलाय, आणि नव्या कवळीने वाजवायला जातो तर नुसती हवा. तो मधेच पायरीवर थांबतो ना, तिथे मी बसमधून उतरायची विसरले. गुरुवारी या, आमच्या सगळ्या मंडळींना वाचून दाखवा. याल ना?"

"कळवते," वहिनी म्हणाली आणि मला फोन बंद करायची खूण केली. वाडग्यातलं प्लास्टर एव्हाना दगड झालं होतं.

गाडीत मला राहवेना. "वहिनी! सिनेमा! अगं, बस विसरली म्हणे ती!"

"गाडी चालव."

"शिट्टी कुणाच्या प्रतीत होती?"

"वन्सं, समोर बघा." ती मला वन्सं म्हणाली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. एरवी अगं-तुगं चालतं.

मी मनात दादाला कधीच फासावर चढवलं होतं. घरात शिरताच ओरडले, "दादा, शेण खाल्लंस ना?" तो बिचारा हातात पाना घेऊन बाहेर आला. त्याच्या पटकथेत उचक्या देणारी रिसेप्शनिस्ट होती, माझ्या पटकथेत माशांची टाकी. शिट्टी आमच्या दोघांच्याही वाचनात नव्हती.

आई टेबलाशी मटार सोलत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्यात होती."

आता हे समजायला आई माहीत पाहिजे. आईने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानाला यंत्र लावून गावातली ठरलेली लग्नं, मोडलेली लग्नं, भाऊबंदकी, सगळं ऐकलं, आणि त्यातलं अक्षरही कधी घरी बोलली नाही. माझ्या मैत्रिणीचं लग्न मोडल्याचं आईला आमच्या आधी माहीत होतं, आणि आम्ही ते सांगितलं तेव्हा तिने "हो का?" म्हणून डोळे मोठे केले होते. अशी ही बाई! वहिनीचा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच होता.

"आई, तुम्ही?" वहिनीने विचारलं.

"टॅबवर तुझं खातं उघडंच होतं. बटण दाबलं, गेली."

"इतक्या लोकांचं इतकं ऐकलंत, कधी काही फुटू दिलं नाहीत, आणि माझंच?"

"ते लोक मला सांगत नव्हते गं, एकमेकांना सांगत होते. ते माझं नव्हतंच. तू मात्र हे लोकांसाठीच लिहिलंस ना?"

"निदान विचारायचं!"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?" आईने शेंग खाली ठेवली. "खूण घातलीयेस हे मला माहीत होतं की. म्हटलं, फुटू दे, माझ्या नावाने फुटू दे. मला तो सिनेमा बघायचाय. आणि मला काही फार वेळ थांबता येणार नाही."

मला वाटलं, आता वहिनी रडेल आणि गोड शेवट होईल. कसलं काय! ती भयंकर चिडली. "माझी होती ती, आई. द्यायची की नाही हे मला ठरवायचं होतं," एवढंच म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर तिचंही बरोबर होतं. माझ्या विद्यार्थ्याच्या पायावर पाय ठेवून मी ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी पुढे जाईल, पण तो मला शिव्या देईलच.

तेव्हापासून वहिनी आईशी कामापुरतंही थेट बोलेना. एकाच टेबलाशी बसून मला सांगायची, "आईंना विचार, चहा घेणार का." आई समोरच बसलेली असायची. मी विचारायची, आई मला 'हो' म्हणायची, मी ते वहिनीला कळवायची. माझं आपलं एक्स्चेंज सुरू झालं होतं.

पण गंमत बघा, खोलीतून टकटक ऐकू यायला लागली. चोर पकडायला म्हणून तिने घाईघाईत तीन-चार ओळींत घातलेली ती शिट्टी आता तिला सोडेना. खूण म्हणून ठेवलेली चीज गोष्टीच्या मधोमध येऊन बसली होती. ती लॅबमधून धावतपळत घरी यायची, उभ्या उभ्या काहीतरी खायची आणि खोलीत शिरायची. मधेच बाहेर येऊन दादाला म्हणायची, "शिट्टी वाजव. आता ओठ आत घेऊन वाजव. आता पुढचे दात नाहीत असं समज." दादा लालबुंद होईपर्यंत फुंकायचा. मला इतकं भारी वाटत होतं, की त्या आठवड्यात मी एकाही विद्यार्थ्यावर ओरडले नाही.

गुरुवारी सकाळी वहिनी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली. "गाडी काढ," मला म्हणाली. मग दाराकडे बघत, "आईंना यायचं असेल तर येऊ देत."

"येणारच," आई मला म्हणाली. "ती बाई लबाड निघाली तर दोन शब्द सुनवायला नकोत का कुणी?"

ऑफिस म्हणजे रंगाच्या दुकानावरची एक लांबट खोली होती. एकाला एक न जुळणाऱ्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेले दिवे, आणि सात-आठ माणसं. फोनवरची ती बाई माझ्याहून लहान निघाली, बॉयकट, हातात पेन नाचवणारी. वहिनीने बसल्या बसल्या आधी सगळ्यांना फोन बंद करायला लावले. मग प्रत्येकाला नाव आणि काम विचारलं. मला वाटलं, आता अंगठे घेते की काय! पण एकदा वाचायला लागली आणि खोलीतला आवाजच बदलला. रंगाच्या दुकानातला माणूस डबा पोचवायला वर आला होता, तो दारातच उभा राहिला. मध्यंतरापर्यंत पोचली तेव्हा दिव्यांवाला इतका हसत होता, की त्याला पाणी द्यावं लागलं. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं.

मध्यंतराला चहा आला. वहिनीचे गाल लाल झाले होते. इतकी मोकळी मी तिला कधी पाहिलीच नव्हती. ती त्या मुलीला म्हणाली, "हसाल, पण इतकी वर्षं मी ही घराबाहेर कुणाला दाखवली नाही. वाटायचं, कल्पना चोरतील."

"कल्पना?" ती मुलगी म्हणाली. "कवळ्या बदलण्याची? ती तर आमच्याकडे आधीच आली होती."

वहिनीचा कप तोंडाशी थांबला.

"दोनेक वर्षं झाली. एक गृहस्थ होते, तुमच्यासारखेच कवळ्या बनवणारे. अर्धी पटकथा पाठवली होती. चांगली होती हो, मला आवडली होती. पुढचं मागितलं तर म्हणाले, करार झाल्याशिवाय देणार नाही, कुणीतरी चोरेल. अर्ध्यावर करार कोण करणार? मी दोनदा फोन केला. मग त्यांनी उचलणंच बंद केलं."

"त्यांच्यात शेवट काय होता?" वहिनीने विचारलं.

"तेच तर. त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

वहिनीने हातातल्या उरलेल्या पानांकडे पाहिलं. त्या माणसाला तिने पाहिलेलं नव्हतं, पण तो कुठे बसून लिहितो आणि दार कसं लावून घेतो, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? मग तिने मान वळवून आईकडे पाहिलं. आई बशीतल्या चहावर फुंकर घालत होती, जसं काही तिने काही ऐकलंच नाही.

"आई," वहिनी म्हणाली. मला नाही, थेट आईला. "तुम्हाला इथून नीट ऐकू येतंय का? नाहीतर पुढे या, माझ्याशेजारी बसा."

आईने बशी माझ्या हातात दिली आणि उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. मला रडू आवरेना, बशीतला चहा साडीवर सांडला तरी. वहिनीने पानं सारखी केली, घसा साफ केला, आणि शेवटच्या पानापर्यंत सगळी गोष्ट वाचून दाखवली.