आठ सीटरचा डायवर

आता काय सांगू तुमाले अन् कोन्त्या तोंडानं सांगू! एकतीस वर्षं एसटी चालवली. अहेरीच्या जंगलातल्या रस्त्यानं चालवली, पुरात चालवली. चाकाखाली एक कोंबडी आली नाई. अन् रिटायर झाल्यावर, गाडी बंद, चाबी खिशात, व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या बसल्या मी असा ॲक्सिडंट केला का अजून त्या साईडले जाताना मान खाली जाते!

तर झालं असं. रिटायर होऊन मी घरी बसलो. आठच दिवसात बायको म्हने, "कुठी तरी जा बाप्पा, माह्या मागं मागं काऊन फिरून राह्यले?" म्हनून कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर डायवर म्हनून लागलो. ठेकेदाराकडून. पाहुने आनाचे, पाहुने सोडाचे.

पन एक सांगतो. मानूस रिटायर होते, त्याच्यातली युनियन नाई होत. डेपोत मी बारा वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो. कोनाच्या ड्युटीत अन्याय दिसला का माह्या अंगात येते!

त्या दिवशी कारखान्याचे मोठे मालक मुंबईहून आलते. त्यायले आनाची ड्युटी दुसऱ्याची होती, म्हनून कसे आले, कायनं आले, मले काही पत्ता नाई. आत मीटिंग सुरू. मी जेवून व्हरांड्यात आलो, तर एक मानूस एकटाच बसून बिस्किटं खाऊन राह्यला. चाळिशीचा. पांढरा कडक शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या.

आता तुमीच सांगा, तुमाले काय वाटलं असतं? आजकाल लग्नाच्या हॉलचा चौकीदारबी सोनेरी पट्ट्या लावते! मी म्हनलं, मालक शौकीन दिसते, डायवरले वर्दी देली.

"कोनाले घेऊन आले भाऊ?"

"मालकांना," तो हसून म्हनाला. समीर नाव, नाशिककडचा.

"म्हंजे आपल्याच लायनीतले! जेवले का?"

"नाही ना काका. कधी निघायचं ते कुणी सांगत नाही. ताटावर बसलो की नेमका फोन येतो."

बस! माह्या अंगात येनं इथूनच सुरू झालं. मी सरळ किचनमध्ये गेलो, वरन-भात अन् वांग्याची भाजी घेऊन आलो. तो जेवून राह्यला अन् मी विचारून राह्यलो.

"किती सीटर हाय?"

"आठ."

"तेल लय पीत असन?"

"विचारूच नका!"

"एकटेच चालवता?"

"नाही, दोघं लागतात. दुसरा तिकडेच थांबलाय."

पाहा! आठ सीटरले दोन डायवर! म्हंजे दिवसरात पळवत असन मालक. एकाले झपकी आली का दुसऱ्यानं धराचं!

"अन् सुट्टी?"

"कागदावर आहे. घरी असलो तरी फोन हातात. आला की दोन तासांत हजर. तीन आठवडे घरी धड राहिलो नाही. परवा मुलीचा पहिला वाढदिवस आहे, पण मालकांना दिल्लीला न्यायचंय."

"मंग सांगत काऊन नाई मालकाले?"

"कसं सांगणार काका? नाराज झाले तर दुसरी नोकरी कुठे ठेवलीय? शिकायला काढलेलं कर्ज अजून चालू आहे."

डायवरकी शिकाले कर्ज! कोन्त्या लुटारूनं शिकवलं असन याले?

मी खुर्ची जवळ सरकवली. "पगार किती देते?"

त्यानं इकडंतिकडं पाह्यलं. "सहा. ठरले होते सात."

सहा हजार! खरं सांगतो, माह्या डोळ्यात पानी आलं. दिल्लीपर्यंत गाडी हाकलाचे सहा हजार? अन् त्यातबी हजार कापलेले? आमच्याकडं बकऱ्या चारनाऱ्याले याच्याहून जास्त भेटते!

तो हात धुवाले गेला, अन् तेवढ्यात मालक बाहेर आले. मागं मॅनेजर, मॅनेजरच्या मागं पाच-सहा साहेब, सगळ्यात मागं आमचा ठेकेदार. मी रस्त्यात उभा राह्यलो. सेक्रेटरीसारखा!

"साहेब, एक मिनिट. हे बराबर नाई."

मॅनेजरचं तोंड पांढरं पडलं. पन मी कुठी थांबतो?

"तुमच्या डायवरले तीन आठवड्यापासून घर नाई. परवा त्याच्या लेकीचा पयला वाढदिवस, अन् तुमी त्याले दिल्लीले नेऊन राह्यले! अन् पगार किती? सहा हजार! काही लाज हाय का नाई आपल्या कारखान्याले?"

"कोणता ड्रायव्हर?" मालकानं विचारलं.

"हा काय!" समीर ओले हात घेऊन दारात उभा होता.

मालक त्याच्याकडं वळले. "समीर, तुला सहा हजार मिळतात?"

मॅनेजर माह्या कानाशी आला, दात खाऊन म्हनाला, "देवराव, ते पायलट आहेत. साहेबांच्या विमानाचे. सहा लाख!"

विमान! मले आपल्याच पायाखालची जमीन लांब दिसाले लागली. अन् मी त्या मानसाले कव्हाचा सांगून राह्यलो होतो का तेल वाचवाचं असन तर उतारावर न्यूट्रल करत जा!

मालक आधी हसले. लय हसले. मंग एकदम थांबले.

"वाढदिवस खरंच परवा आहे?"

"हो सर."

"मग बोलला का नाहीस?"

समीरनं खाली पाह्यलं. मालक म्हनाले, "दिल्लीला मी तिकीट काढून जातो. तू चार दिवस घरी राहा."

पाह्यलं? लाखवाल्याचं काम या देवरावनं केलं! माही छाती अशी फुगली का काय सांगू. तेवढ्यात मालक माह्याकडं वळले.

"आणि देवराव, तुमचं कसं आहे इथे? काही त्रास?"

आता खरी गोष्ट तुमाले म्हनून सांगतो. ड्युटी बारा तासाची, पगार आठ तासाचा, अन् महिन्यात सुट्टीचा एकच ऐतवार भेटे. मालक समोर उभे, सोताहून विचारून राह्यले. असा चान्स कोनाले भेटते? मी तोंड उघडलं. मालकाच्या मागं ठेकेदार उभा होता, माह्याकडंच पाहत होता.

"काहीच तरास नाई साहेब! एकदम मस्त हाय!"

मालकानं पाठ थोपटली अन् गेले. गाडी गेटच्या बाहेर पडली तसा ठेकेदार जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, लय प्रेमानं म्हनाला,

"देवरावभाऊ, एकदम मस्त हाय ना? मंग तो एक ऐतवारबी घरी बसून काऊन वाया घालवता? येत जा."

अन् युनियनचा सेक्रेटरी काय म्हनाला असन?

"हाव जी."