गठ्ठ्यातला कुर्ता

आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्याशेजारी वाळक्या गवताचा एक गठ्ठा आहे आणि त्याला माझ्या कुर्त्यानं मिठी मारलेली आहे. कुर्त्याचं पोट सुतळीखाली, दोन्ही बाह्या बाहेर. पाहुणे चहा पिता पिता गठ्ठ्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि पार्किंगचा विषय काढतात. बिचारे!

मी रबाळ्याला एका कारखान्यात पॅकिंग मशीनच्या मेंटेनन्सला आहे. म्हणजे माझ्या मते इंजिनियर. बायकोच्या, अर्चनाच्या मते ‘पाना हातात आला की आवरत नाही’ असा माणूस. तिचं माहेर द्रोणागिरीकडचं. माझे सासरे, ज्यांना सगळा गाव दादा म्हणतो, त्यांची शेती टाउनशिपमध्ये गेली. आता दोन खोल्यांचं भाडं येतं, आरामात बसून खावं! पण दादांना खायला जमतं, बसायला जमत नाही. गोडाऊनांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर गवत माजतं. दिवाळी झाली की ते कापून, वाळवून दादा तबेल्याला पाठवतात. त्यासाठी त्यांनी एक जुना बेलर घेतला. ट्रॅक्टरमागे जोडायचं मशीन. ते गवत उचलतं, दाबून चौकोनी गठ्ठा करतं, भोवती सुतळी फिरवतं आणि शेवटी एका लोखंडी चोचीनं गाठ मारतं.

सासूबाईंनी मात्र निर्वाणीचं सांगून टाकलं होतं.

“मुहूर्ताला पहिला ट्रक सांजपर्यंत भरला तर ठीक. नायतर मशीन विकायचा आन् पोरीकडं जाऊन ऱ्हायचं. या वयान उन्हात मरायचं नाय!”

“मना चौथे माल्यावर कोंडू नका गो!” दादा कळवळून म्हणाले.

मी पण मनातल्या मनात कळवळलो. आमचा वन बीएचके! दादा पहाटे उठून खाकरतात ते अख्ख्या विंगला ऐकू जातं. मागच्या वेळी चारच दिवस राहिले, तर वॉचमनला लिफ्टमधून चप्पल काढून जायला लावलं होतं. (“देवघर हाय का काय?” असं वॉचमननं विचारलं, तर म्हणाले, “यवढा चकचकीत हाय, तर असल!”) सोफ्याशेजारी दादांची खाट कुठे बसेल हे अर्चनानं टेपनं मोजूनसुद्धा ठेवलं होतं. तेव्हा तो ट्रक भरणं ही दादांइतकीच माझीही गरज होती.

म्हणून दसऱ्याला मी मशीनची पूजा स्वतःकडे घेतली. रबाळ्याला दरवर्षी मीच करतो. तिथे पॅनेलवर स्वस्तिक काढायचं, हँडलला लाल नाडा बांधायचा, की झालं. पण सासुरवाडीला एवढ्यावर भागवायचं? छे! मी बेलरचा पत्रा उघडला, गाठ मारणारी चोच शोधली आणि जाहीर केलं, “हे मशीनचं काळीज!” मग त्या काळजाला नाड्याचे वेढे दिले, पक्की गाठ मारली, वरून हळदकुंकू थापलं, अक्षता टाकल्या.

“तो नाडा आत कशाला?” अर्चना म्हणाली.

“पूजेचा धागा आहे. आपोआप तुटेपर्यंत कापायचा नसतो. कापला की सीझन गेलाच म्हणून समज!”

हे मी सगळ्या गावासमोर, हात वर करून सांगितलं. दादांनी तर कान पकडले.

दिवाळी झाली, गवत वाळलं आणि मुहूर्ताचा रविवार उजाडला. व्हिडिओ निघणार हे माहीत असल्यामुळे मी पाडव्याचा नवा सिल्कचा कुर्ता घातला. चोचीवर झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि दादांनी ट्रॅक्टर सुरू केला. घडघडघड! गवत आत गेलं, दट्ट्या हलला, मागून एक सुबक चौकोनी गठ्ठा बाहेर आला. टाळ्या! दुसऱ्या क्षणी गठ्ठा फसकन पसरला. सुतळी होती, गाठ नव्हती.

“जावईबापू, गवत बाहेर कराला मशीन कशाला? ते तं बाहेरच व्हतं!” दादा म्हणाले.

“सुतळी चांगली नसेल,” मी म्हणालो. सुतळी बदलली. दुसरा गठ्ठा फसकन.

“ताण कमी असेल.” स्प्रिंग आवळली. तिसरा गठ्ठा बाहेर येईपर्यंत सुतळीच तुटली. मी स्प्रिंग सैल केली, तर सुतळीचा एवढा मोठा गुंता झाला की सासूबाई त्यात उभ्या राहून मला हाका मारत होत्या. तेवढ्यात ट्रक आला. ड्रायव्हरनं ते ढीग बघितले आणि सीट मागे करून झोपला. सासूबाई अर्चनाला म्हणाल्या, “तुजे घरान जादा गादी हाय का गो?”

मी उगाच पाना पुसत बसलो. कारण चौथ्या गठ्ठ्याला माझ्या लक्षात आलं होतं! चोच फिरायलाच हवी, आणि ती फिरणार कशी? मीच तिला नाड्यानं जखडली होती. पण सांगणार कसं? ‘कापला की सीझन गेला’ हे मीच बोंबललो होतो. माझी अवस्था चोचीसारखी झाली, तोंड होतं पण उघडता येईना.

“दादा, ट्रॅक्टर बंद करा,” मी ओरडलो. “मी हातानं बांधतो!”

ट्रॅक्टर बंद झाला. मशीनच्या तोंडाशी अडकलेल्या गठ्ठ्यावर मी पालथा पडलो, त्याला कवेत घेतलं, खालून सुतळी ओढली, वरून फिरवली, दात खाल्ले आणि गाठीवर गाठ मारली. अशी गाठ की हत्ती बांधावा!

“झालं! बघा!” म्हणून मी उठायला गेलो. उठलो नाही. गठ्ठा उठला.

“अगं बाई, कुर्ता बांधला यांनी!” अर्चना किंचाळली. “सिल्कचा आहे तो!”

दोघांनी गठ्ठा ओढला, दोघांनी मला ओढलं. शेवटी मी खालून सटकलो आणि बनियनवर, केसांत गवत घेऊन गावासमोर उभा राहिलो. व्हिडिओ चालूच होता. (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो माझ्या आधी घरी पोचला!)

सगळे पोट धरून हसत असताना मला मशीनच्या पलीकडे ती दिसली. शेजाऱ्यांची काळी बकरी. तिनं उघड्या पत्र्यातून तोंड आत घातलं होतं. आधी झेंडूचा हार गेला. मग ती हळदकुंकू चाटायला लागली. मग नाडा चघळायला लागली. मी बकरीकडे पाहिलं. बकरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली आणि आभाळ बघत बसलो. इतकं निरभ्र आभाळ मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं!

बकरी ढेकर देऊन बाजूला झाल्यावर मी चोच चांगली पुसून घेतली आणि म्हणालो, “दादा, आता एकदा लावून बघा.”

घडघडघड! गठ्ठा आला. गाठ! दुसरा आला. गाठ! दादांनी डोक्यावरचा रुमाल हवेत उडवला, सासूबाईंनी मशीनची अलाबला घेतली, ड्रायव्हर उठून बसला. ऊन उतरायच्या आत ट्रक शिगोशीग भरला. त्यावर चढून दादा ‘गारी जाऊं दे!’ म्हणून असे ओरडले की मला त्यांच्या जागी कॉलेजातलं पोरगं दिसलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. खाटेची जागा वाचली म्हणून नाही. म्हणजे, फक्त म्हणून नाही.

मग अर्चना विळा घेऊन माझा कुर्ता सोडवायला निघाली, तर दादांनी तिचा हात धरला.

“थांब गो! मुहूर्ताचा गठ्ठा हाय. पूजेचा धागा कापत नाय, तशी मुहूर्ताची गाठ बी कापत नाय. आपोआप तुटंपर्यंत जावयाचे घरान ठेवाचा. सीझन जाईल ना!”

आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला! म्हणजे म्हाताऱ्यानं सगळं बघितलं होतं. बकरी, नाडा, माझं आभाळ, सगळं!

तेव्हापासून दादांची खाट जिथे येणार होती तिथे गठ्ठा आहे. परवा बेल वाजली. दारात दादा, आणि त्यांच्या मागे दोरीला तीच काळी बकरी. लिफ्टनं आली होती.

“गाठ सुटत नाय ना अजून? म्हनून मेक्यानिक आनलाय,” दादा म्हणाले.

बकरी आत आली. गठ्ठा हुंगला, सुतळीला तोंड लावलं, दोनदा ओढून बघितली, सोडली आणि गॅलरीत जाऊन अर्चनाचा मनी प्लांट खायला लागली.

दादांनी वाकून गाठ नीट बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “हिला बी नाय जमला! पक्की गाठ मारलाव, जावईबापू!”

लग्नाला इतकी वर्षं झाली, सासऱ्यांनी माझ्या कामाचं पहिल्यांदाच कौतुक केलं. तेही बकरीनं तपासून दिल्यावर!