पाळण्यातली नावं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आम्ही कॉलेजवाले ठाकुर्लीला चहाला भेटतो तेव्हा जुने किस्से उगाळायचेच असं ठरलेलं असतं, पण घरी जाताना प्रत्येकाच्या पदरात एक नवा पडलेला असतो. आता सांगताना मी खो खो हसतो. पण घडताना प्रत्येक किश्श्याने मला जबरदस्त धक्का दिलेला आहे, आणि मी काही धक्के पचवणारा माणूस नाही. साधी दाराची बेल वाजली तरी दचकतो!

पहिला धक्का कॉलेजच्या पहिल्याच दिवशी बसला. आमचं कॉलेज म्हणजे एक बिल्डिंग, एक जिना आणि एक कँटीन. वर्गात शिरल्या शिरल्या मी विचारलं, "पंख्याचं बटण कुठलं?" बस्स! मधल्या सुट्टीत सीनियर मुलांनी मला उचलून कँटीनमध्ये नेलं. कोपऱ्यात चक्क पाळणा! कँटीनवाल्या काकूंच्या मुलाचा. तो मोठा झाला आणि पाळणा कॉलेजचा झाला.

त्या पाळण्यात नव्या पोराचं बारसं करायचं, ही आमच्याकडची रीत. पोरगं मावत नाही म्हणून त्याची बॅग पाळण्यात ठेवतात. एक सीनियर आत्या होतो. तो कानात "कुर्र" करून नाव सांगतो आणि खऱ्या बारशासारखे सगळे आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मग पोराने ओरडायचं, "मान्य नाही!" आणि सगळ्यांनी ओरडायचं, "पाळणा हलवा!" झालं बारसं. नंतर वडापाव.

माझी आत्या म्हणजे थर्ड इयरचा कबड्डीपटू. सहा फूट उंच, झुपकेदार मिशा! त्याने माझ्या कानात सांगितलं, "पंखा." मी जीव तोडून "मान्य नाही" ओरडलो. त्यानंतर आजतागायत मी पंखाच आहे.

माझ्या मागे एक लाऊडस्पीकरसारखा आवाज असलेला पोरगा होता, तो झाला भोंगा. त्याच्या मागे एक शांत मुलगा. नाव विचारलं तर हसला. गाव विचारलं तर हसला. आत्याने त्याच्या कानात सांगितलं, "कुलूप." धपाटे पडले. सगळे "मान्य नाही"ची वाट बघत थांबले. कुलूप गप्प! वडे थंड झाले तरी गप्प. शेवटी आत्या म्हणाला, "ह्याचं बारसं अपूर्ण. बोलेल तेव्हा पाळणा हलवू."

तो काही बोलला नाही. कॉलेज संपलं तरी नाही. आत्या दर मेळाव्याला त्याला गाठून म्हणायचा, "कुलपा, तुझं बारसं बाकी आहे हं." तो हसायचा आणि चहा प्यायचा.

*

ह्या नावांमुळे भोंग्याचं लग्न मोडता मोडता राहिलं. त्याला बघायला ठाण्याहून मुलीकडचे येणार होते. घरात कांदेपोहे तयार, आई नवी साडी नेसून बसलेली. भोंगा गेटवर उभा राहून फोनवर कोणाशी तरी क्रिकेटवरून भांडत होता. एक काका गाडीतून उतरले आणि म्हणाले, "सुहास करंदीकर इथेच राहतात ना?"

भोंग्याने फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "नाय काका, ह्या बिल्डिंगमध्ये असा कोणी नाय!"

पाहुणे गाडी वळवून निघून गेले. सुहास करंदीकर म्हणजे आपणच, हे ह्याला जिना चढताना आठवलं! मग तो गाडीमागे धावत सुटला. पुढच्या सिग्नलला काच ठोठावून म्हणाला, "काका, मीच तो!" मागच्या सीटवर मुलगी बसलेली होती. तिने त्याच्याशी लग्न केलं, ह्याचा धक्का मला अजून आहे.

*

कुलपाचं लग्न वर्तकनगरला एका दोन मजली हॉलमध्ये होतं. त्याचा मेसेज आलेला, "लग्न. या." खाली हॉलचा पत्ता. त्याच्या मानाने हे भाषणच होतं!

मी आणि भोंगा पोचलो तर बाहेर दोन पाट्या. एकीवर मिलिंद, दुसरीवर संदेश. ह्यातला कुलूप कोण? आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं एका बाकावर बसलेलो, पण खरं नाव कळायची वेळच आली नव्हती. भोंगा म्हणाला, "खालच्या हॉलमधून जिलबीचा वास येतोय. इथेच असणार."

आम्ही जेवलो. मग स्टेजवर गेलो. नवरामुलगा फेटा, शेरवानी, चेहऱ्याला पावडर अशा थाटात उभा. भोंग्याने कुकरचा बॉक्स त्याच्या हातात ठेवला, मिठी मारली आणि म्हणाला, "साल्या, आज तरी बोल काहीतरी!"

नवरामुलगा म्हणाला, "आपण कोण?"

भोंगा आनंदाने किंचाळला, "बोलला रे बोलला! पंख्या, लग्नाने माणूस किती बदलतो बघ!"

 पण माझं लक्ष जिन्याकडे गेलं होतं. तिथे खरा कुलूप, गळ्यात हार घालून, हाताने आम्हाला "वर या" म्हणून खुणावत उभा होता. वर जाऊन आम्ही पुन्हा जेवलो. कुकर मात्र खालीच राहिला.

*

आमची आत्या पुढे पोलिसात गेली. म्हणजे गेला. बघा, माझी अजून गडबड होते!

एकदा मी आणि भोंगा बाईकवरून शीळफाट्याला आलो तर नाकाबंदी. भोंगा चालवत होता, हेल्मेट कोपराला लटकवलेलं. हवालदाराने अडवलं. पलीकडे जीपला टेकून साहेब उभे होते. कडक इस्त्री, काळा गॉगल, त्याच झुपकेदार मिशा. बाजूला चार शिपाई श्वास रोखून उभे, इतका त्यांचा दरारा!

भोंग्याने आपला तो ठेवणीतला आवाज काढला, "ए आत्या!"

शीळफाट्यावरचे ट्रक थांबले असतील असं मला वाटलं. शिपाई पुतळ्यासारखे झाले. एकाने खाली मान घातली, पण त्याचे खांदे हलत होते.  साहेबांनी सावकाश गॉगल काढला, आमच्याकडे बघितलं आणि हवालदाराला म्हणाले, "माझे भाचे आहेत."

हवालदार म्हणाला, "सोडू का सर?"

"सोडतोस काय? घरची मुलं आहेत. दोघांनाही पावती फाड!"

*

मध्यंतरी कॉलेजला नव्या प्रिन्सिपल मॅडम आल्या. पुण्याच्या, शिस्तीच्या. त्यांनी पाळणा बघितला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली, की हा प्रकार रॅगिंगमध्ये मोडतो, पाळणा जप्त करण्यात आला आहे. आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या 'पाळणा' ग्रुपवर रडारड सुरू झाली.

मॅडमनी नव्या मुलांच्या पालकांची सभा घेतली. म्हणाल्या, "आपल्या पाल्याचा असा अपमान झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे." पहिल्या रांगेतले एक टक्कल पडलेले गृहस्थ उठले. "मॅडम, अपमान कसला? माझंही नाव ह्याच पाळण्यात ठेवलंय. डबा!" त्यांच्या मागच्या बाई उठल्या, "मी छत्री." मग तिसरे, चौथे. मॅडम खुर्चीत बसल्या.

मग त्यांनी विचारलं, "पण नको असेल त्या मुलाला नाही म्हणता येतं का?"

डबा म्हणाले, "येतं ना. हल्ली आधी विचारतात. नको म्हणणाऱ्याला नुसता वडापाव देतात."

पाळणा परत आला. पुढच्या स्नेहसंमेलनाला मी मागे उभा होतो. मॅडम माईकपुढे आल्या, चष्मा नीट केला आणि शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. मी नोटीस."

माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला!

*

आणि आता हा शेवटचा. हा सांगताना मला हसायला जरा वेळ लागतो.

सकाळी ऑफिसला जाताना कल्याण-शीळ रस्त्यावर कुलपाची बाईक घसरली. डोक्याला मार. ऑपरेशन झालं. भोंग्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मला ऐकूच येईना. भोंग्याचा! 

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा आयसीयूबाहेर डॉक्टर कुलपाच्या बायकोशी आणि आईशी बोलत होते. "डोळे उघडतायत, हात दाबला की दाबतायत. पण बोलत नाहीयेत. बोलण्याच्या केंद्रावर दाब असेल तर आज संध्याकाळीच पुन्हा उघडावं लागेल. आणि दुसरं ऑपरेशन धोक्याचं आहे, हे मी लपवत नाही." मग त्यांनी विचारलं, "एरवी कितपत बोलतात?"

बायको म्हणाली, "एरवीही नाही बोलत हो."

आई म्हणाली, "लहानपणापासून नाही."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, पण मग मी ओळखू कसं? एक तरी शब्द हवा. प्रसंगाला धरून, अर्थाचा."

आई आत गेली. "मिलिंद, बाळा" म्हणून तिने केस कुरवाळले. तो बघत राहिला. बायको आत गेली, "अहो, अहो" करून रडली. त्याने तिचा हात धरला, पण ओठ हलले नाहीत. संध्याकाळ होत आली. नर्स ऑपरेशनची तयारी करायला लागली. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. आत्या! ड्युटीवरून तसाच, युनिफॉर्ममध्ये. त्याने डॉक्टरांना हात जोडले. "दोन मिनिटं द्या साहेब. हे दोघंही लागतील मला."

डॉक्टर सोबत आले. आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. कुलपाच्या डोक्याला मोठं बँडेज, डोळे आमच्यावर. आत्याने टोपी काढून काखेत धरली. खाली वाकला, मिशा कुलपाच्या कानाला लागल्या.

"कुर्र..." त्याचा आवाज फाटला. "कुर्र... कुलूप."

भोंग्याचा हात आपोआप उठला आणि आत्याच्या पाठीत धपाटा बसला. मग माझा बसला. नर्स ओरडली, "अहो, हे काय चाललंय?" डॉक्टर पुढे झाले. आत्या वाकलेलाच. आम्ही धपाटे घालतोय, रडतोय, घालतोय.

कुलपाचे ओठ हलले. कोरडे होते, एकदा चिकटले, पुन्हा सुटले.

"मान्य नाही."

डॉक्टर झपकन खाटेशी आले. "काय मान्य नाही? ऑपरेशन? मिलिंद, काय मान्य नाही?"

 भोंग्याने खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाट हळूहळू हलवायला लागला.